प्रश्न परत म्हणणारी

शंका विचारायच्या आधी त्या मुलानं बाईंकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या बाकावरचा, निळ्या शर्टाचा. हात त्यानं अर्धवट वर केला होता, बाईंनी खडूनंच त्याच्याकडे बोट केलं, "हं, बोल," म्हणाल्या, आणि त्यानं मान वळवली ती खिडकीपाशी उभ्या असलेल्या ट्यूटरकडे. क्षणभरच. तिनं भुवई जराशी उचलली, आणि मग तो उठून बोलायला लागला. त्याचे ओठ हलत होते, आवाजही येत होता, पण भिंतीपलीकडचं बोलणं यावं तसा, चढउतार सगळे जागच्या जागी आणि शब्द मात्र कुठंच नाहीत. ही पोरं हल्ली पुटपुटतात. तोंड उघडायचेही कष्ट नकोत. तो खाली बसतो न बसतो तोच खिडकीकडून ठसठशीत आवाज आला, "मॅडम, तो म्हणतोय, टेबलावरून चेंडू जास्त वेगानं ढकलला तरी जमिनीवर पडायला वेळ तेवढाच का लागतो?" "ऐकलं मी," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज इतका धारदार झाला की पहिल्या बाकावरच्या दोन मुलींनी एकदमच वह्यांत डोकी खुपसली. मग बाईंनी उत्तर दिलं, आडवा वेग वेगळा, उभा वेग वेगळा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, फळ्यावर दोन बाण काढून दाखवले, सव्वीस वर्षांत शंभरदा दिलेलं उत्तर. पण ते देताना त्यांचं सगळं लक्ष त्या वळलेल्या मानेवर होतं. प्रश्न मला, आणि परवानगी तिची.

खोलीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. एवढ्याशा गोष्टीनं माणसानं इतकं चिडावं का, असं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर न देता पाणी प्यायल्या. ही ट्यूटरची टूम याच वर्षी निघाली होती. पहिल्या वर्षाच्या चर्चेच्या तासाला तिसऱ्या वर्षाचा एकेक विद्यार्थी बरोबर द्यायचा. मोठ्या व्याख्यानात दोनशे पोरं गप्प बसून लिहून घेतात, निदान चर्चेच्या तासाला चाळीस जणांनी तोंड उघडावं, आणि प्राध्यापकांपेक्षा आपल्यातल्याच कुणासमोर ती लवकर उघडतील, असा हिशेब. विभागप्रमुखांनी सभेत ते सांगितलं तेव्हा बाईंनी मान डोलावली होती. हल्ली त्या सभेत पुष्कळदा मान डोलावत. त्यांच्या वाट्याला आलेली ही मुलगी हुशार, त्याबद्दल वाद नाही. पेपर बाईंनीच तपासले होते. पण पहिल्याच आठवड्यात ती दाराशी येऊन उभी राहिली: तासाच्या आधी दहा मिनिटं बसू या का मॅडम, काय घ्यायचं, कुठं पोरं अडतात, ते ठरवून घेऊ. बाई हसल्या होत्या. "अगं, मी हे तू जन्मायच्या आधीपासून शिकवतेय." दुसऱ्या आठवड्यापासून ती प्रत्येक तासाआधी एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवून जाऊ लागली. बाई तो न उघडता ड्रॉवरमध्ये टाकत. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी आपल्या ट्यूटरला गटागटांत हिंडायला लावलं होतं. बाईंनी हिला काम दिलं ते हजेरीचं आणि कागद वाटायचं. तरी ही बया वर्गात एका जागी थांबेल तर शपथ. कधी मागच्या बाकांजवळ, कधी खिडकीशी, आणि कुणी काही विचारलं रे विचारलं की ते परत म्हणायचं. मोठ्यानं, सुटं सुटं, बालवाडीतल्यासारखं. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव पोपट ठेवून टाकलं होतं.

आणि मग त्यांना ते दाढीवाले प्राध्यापक आठवले, जे आठवायला नको होते. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, नोकरी कायम नाही, त्यांच्या हाताखाली वर्षभर काम होतं ते फळा पुसायचं आणि उपकरणं मांडायचं. एके दिवशी सरांनी फळ्यावर उणे चिन्ह सोडलं. पुढच्या चार ओळी त्या चुकीवर उभ्या राहिल्या. बाई बाजूला उभ्या, हातात ओला डस्टर धरून. बोलावं की नाही, बोलावं की नाही, आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "सर, तिथं उणे हवं ना?" सर वळले. फळ्याकडे नव्हे, वर्गाकडे. "बाईंना कुणी खुर्ची द्या रे. उभं राहून राहून त्यांना शिकवायचा मोह व्हायला लागलाय." वर्ग खो खो हसला. ते हसणं बाईंना आजही जसंच्या तसं ऐकू येतं, एकेक आवाज सुटा, पुढच्या ओळीतलं घोगरं, मागच्या कोपऱ्यातलं घोड्यासारखं. त्या दिवशी जिन्यात उभं राहून त्यांनी ठरवलं होतं की आपल्या हाताखालचं माणूस आपण असं कधी उभं करणार नाही. माणूस ठरवतं तेव्हा स्वतःला ओळखत नसतं, हेच खरं. पण ती गोष्ट वेगळी होती, त्या स्वतःला सांगत होत्या. मी चूक दाखवली होती. ही काय दाखवते? ही मला माझाच वर्ग वाचून दाखवते.

दोन दिवसांनी त्यांनी तिला तासानंतर व्हरांड्यात गाठलं. तास सुटल्याची गर्दी, पायऱ्यांवर धावणारे बूट, कुणीतरी लोखंडी कपाट ओढत चाललेलं. "हे बघ," बाई म्हणाल्या, "मुलांचे प्रश्न माझ्यापर्यंत थेट येऊ देत. मध्ये दुभाषी नको. मला ते आवडत नाही, आणि त्यांनाही वाईट सवय लागते." मुलीचा चेहरा लाल झाला. "हो मॅडम," ती म्हणाली. एवढं ओठांवर दिसलं. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, जवळ आली, आणि खाली मान घालून आणखी काहीतरी बोलली. एक अख्खं वाक्य. कपाटाचे पाय फरशीवर करकरत होते. बाईंनी ओठ धरायचा प्रयत्न केला, पण मान खाली होती, केस पुढे आले होते. "ठीक आहे, ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यावर मुलीनं मान वर करून जे पाहिलं, ते पाहणं बाईंना कळलं नाही. माफी मागितली असेल. उद्धट बोलली असेल. पण उद्धट बोलणारं माणूस जवळ येऊन, मान घालून बोलत नाही. ते वाक्य बाईंच्या मागे घरापर्यंत आलं. चपला काढताना, हात धुताना, नवऱ्यानं पुढ्यात ठेवलेला चहा पिताना, त्या वाक्याची लांबी तेवढी त्यांच्यापाशी होती. आठ-दहा शब्द असावेत. विचारलं का नाही तेव्हाच? काय म्हणालीस, एवढं विचारायला काय जात होतं?

जात होतं. काय जात होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त त्या ठाऊक असण्याकडे पाठ करून बसायची त्यांना सवय झाली होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला ताप आला होता. काखेत थर्मामीटर लावून बाई शेजारी बसल्या, वाजायची वाट पाहत. किती तरी वेळानं तो म्हणाला, "अगं, काढ की. तीनदा वाजून गेला." बॅटरी उतरली असेल, बाई म्हणाल्या, आवाज बारीक येतो. दुसऱ्या दिवशी नवा आणला. तोही मुकाच निघाला. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी, त्या कान तपासून आल्या. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड डबे चढवले, आवाज आला की बटण दाबा. बाई बटण हातात धरून बसल्या आणि समोर काचेपलीकडची तपासणारी पोरगी एकामागून एक कळा दाबताना दिसत होती, आणि बाईंच्या कानांत नुसता आपल्याच रक्ताचा आवाज. आलेख हातात मिळाला. आलेख वाचणं हा तर धंदाच. डावीकडे सपाट माळ, मधोमध कडा, आणि उजवीकडे सगळं दरीत. खालचे सूर शाबूत, वरचे गेलेले. म्हणजे स्वर ऐकू येणार आणि व्यंजनं गळणार. माणूस बोलतंय हे कळणार, काय बोलतंय ते नाही. "यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल," ती म्हणाली होती, चांगलं तोंड समोर करून. पाहू, बाई म्हणाल्या. आलेख घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला. मुलाचा फोन आला की दोन वाक्यं बोलून "घे, बाबांशी बोल" म्हणायची सवय तेव्हाचीच. चर्चेचा तास ज्या बाईंना ऐकू येत नाही त्यांच्याकडे कोण ठेवील? व्याख्यान देता येतं. व्याख्यानात ऐकावं लागत नाही. पण बाईंना जीव होता तो चर्चेच्या तासात, फळ्यापुढे पोर अडखळत उभं राहतं आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळतो, त्या अर्ध्या मिनिटात.

सत्राच्या मध्यावर ट्यूटरच्या मूल्यमापनाचा फॉर्म आला. शेरा लिहायला तीन ओळी. बाईंनी आधी पेन्सिलनं लिहिलं, खोडलं, मग पेननं लिहिलं: विषयाचं ज्ञान उत्तम, मात्र स्वतःच्या भूमिकेची मर्यादा ओळखत नाही, विद्यार्थी व शिक्षक यांच्यामध्ये येते. प्रत्येक शब्द खरा होता. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तरी सही करायच्या आधी त्यांनी पेनाचं टोपण एकदा लावून पुन्हा काढलं. चार दिवसांनी विभागप्रमुखांचा निरोप आला. ते बाईंचेच एके काळचे विद्यार्थी, अजूनही त्यांना पाहून खुर्चीतून अर्धे उठत. तुमच्या शेऱ्याप्रमाणे तिला ग्रंथालयाच्या कामाला हलवलंय, दुसरी ट्यूटर मिळेपर्यंत तास एकट्यानं चालवाल ना? "आजवर कोण चालवत होतं?" बाई म्हणाल्या. दोघंही हसले.

त्या बुधवारी वर्ग बाईंचा एकटीचा होता. त्यांना बरं वाटत होतं, मोकळं मोकळं. शिडीचा प्रश्न घेतला. भिंतीला टेकून ठेवलेली शिडी, तिच्यावर चढणारा माणूस, जमीन खडबडीत, भिंत गुळगुळीत. किती वर चढला की शिडी घसरेल? चित्र काढलं, बाण काढले, आणि वळल्या. मागच्या बाकावरची, केस अगदी बारीक कापलेली मुलगी उठून उभी होती. बाईंच्या माहितीत ही सत्रभर कधी बोलली नव्हती. तिचे ओठ हलले. बाईंनी डोकं थोडं तिरकं करून कान पुढे केला, नेहमीसारखं, विचारात असल्याची मुद्रा करून. भिंतीला, का नाही, एवढं हाती लागलं. मधला शब्द लांबचा होता, शेवटी 'र्षण' असलेला. नकळत त्यांचे डोळे खिडकीकडे गेले. खिडकीपाशी कुणी नव्हतं. मग त्यांनी तो शब्द स्वतःच भरला. "चांगला प्रश्न," बाई म्हणाल्या. "भिंतीला आकर्षण नाही असं कसं होईल? प्रत्येक वस्तूला आकर्षण आहे. या भिंतीला आहे, त्या माणसाला आहे, दोघांना एकमेकांबद्दल आहे. पण ते इतकं क्षीण असतं, की आपण ते मनावर घेत नाही." आणि त्या सांगत गेल्या, रंगून, वस्तुमानं, अंतराचा वर्ग, आणि सांगता सांगता त्यांना दिसलं की वर्ग हलतोय. खांदे हलत होते. तोंडांवर हात होते. निळ्या शर्टाचा मुलगा बाकाखाली वाकला होता, त्याची पाठ तेवढी गदगदत होती. आवाज मात्र काही नाही, म्हणजे दबलेलं, वरच्या सुरातलं, जे बाईंपर्यंत पोचतच नव्हतं. चाळीस माणसं हसताहेत आणि आपण काचेच्या खोलीत बसलोय. "काय झालं?" त्या म्हणाल्या. कुणी सांगेना. ती बारीक केसांची मुलगी तेवढी हसत नव्हती. ती अजून उभीच होती, मग ती बाकांमधून चालत पुढे आली, बाईंच्या हातातला खडू तिनं विचारून की न विचारता घेतला, आणि शिडीच्या वरच्या टोकापाशी, भिंतीला लागून, एक शब्द लिहिला. घर्षण. खडू परत बाईंच्या तळहातावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

बाईंनी त्या शब्दाचं उत्तर दिलं असावं. तास संपला असावा. पुढचं जे त्यांना नीट आठवतं ते ड्रॉवर उघडल्याचं. सात कागद होते. पहिला उघडला. 'मॅडम, आज मागच्या दोन बाकांना वेग आणि त्वरण यांत गोंधळ आहे. ते विचारतील. तुम्ही फळ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिलात तर खिडकीकडची मुलं तुम्हाला नीट दिसतील.' दुसरा. 'ती बारीक केसांची फार हळू बोलते, पण तिचे प्रश्न सगळ्यांत चांगले असतात. तिला मी पुढे बसायला सांगतेय, ऐकत नाही.' तिसरा, चौथा. उलट्या चिन्हांच्या चुका कोण करतं, कोण नुसतं उतरवून घेतं, कुणाला भीती वाटते. दर आठवड्याला कुणीतरी वर्ग पिंजून, निवडून, ओंजळीत आणून ठेवत होतं आणि बाई ड्रॉवर ढकलून बंद करत होत्या. तुम्ही नीट दिसाल, असं तिनं लिहिलं नव्हतं. मुलं तुम्हाला नीट दिसतील. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून.

ग्रंथालयात ती परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीपाशी सापडली. बाईंना पाहून तिनं हातातलं पुस्तक उगाच उलटसुलट केलं. काहीतरी बोलली, ग्रंथालयात बोलतात तसं, नुसत्या श्वासानं. बाईंपर्यंत काहीही आलं नाही. समोर एक चेहरा होता, त्यावर राग होता की भीती तेही कळत नव्हतं. आजूबाजूला वाचत बसलेली मुलं, कारकूनबाई, घड्याळ. हसून मान डोलवायची सवय अगदी पुढे आली होती. "मला इथं ऐकू येणार नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर ये." आवाज किती लागला ते त्यांना कळलं नाही, पण चार टेबलांवरची डोकी वर झाली.

मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं, सायकली लावलेल्या होत्या. मुलगी एक पायरी खाली उभी राहिली, बरोबर समोर, तोंडावर उजेड येईल अशी. ते तिनं मुद्दाम केलं हे बाईंना आता दिसलं.

"त्या दिवशी व्हरांड्यात," बाई म्हणाल्या, "तू शेवटी काय म्हणालीस?"

मुलगी म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही हे मी कुणाला सांगितलेलं नाही, असं म्हणाले होते. तुम्ही ठीक आहे, ठीक आहे म्हणालात. मला वाटलं, आपलं ठरलं. आणि आठवड्यानं सरांनी तुमचा शेरा वाचून दाखवला."

बाईंनी विचारलं, "कसं कळलं तुला?"

"माझे वडील पत्र्याच्या कारखान्यात होते. हातोडे. तुमच्यासारखंच करायचे. डोकं तिरकं, आणि सगळ्याला हो." तिनं नाक पुसलं, ती रडत नव्हती, चिडली होती. "आम्ही घरात अकरा वर्षं ते गुपित सांभाळलं, मॅडम. पाहुणे आले की आई त्यांच्या वतीनं बोलायची. मी बोलायची. दुकानात, दवाखान्यात. कुणाला कळू नये म्हणून. शेवटी ते बोलायचेच थांबले. त्यांच्या वाट्याचं आम्हीच बोलत होतो ना."

"आणि मी तुला पोपट म्हणत होते," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या कोण जाणे. मुलगी पाहतच राहिली, आणि तिच्या तोंडून हसू निसटलं, जे तिला नको होतं.

"तो शेरा मी मागे घेते. आजच. तू बुधवारी ये."

"नाही."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"नाही येणार," ती पुन्हा म्हणाली, सुटं सुटं. "तसं पुन्हा नाही करायचं मला. मी प्रश्न परत म्हणायचा, तुम्ही ऐकलं मी म्हणायचं, आणि पोरांना वाटायचं मी पुढे पुढे करते. मला मागनं काय काय म्हणतात माहितेय? यायचं तर उघड उघड येईन. त्यांना सांगा. आणि तासाच्या आधी दहा मिनिटं बसायचं." मग एकदम आपण कुणाशी बोलतोय ते लक्षात येऊन, "सॉरी मॅडम."

"सॉरी कशाला," बाई म्हणाल्या, पण त्यांना कपाळावर घाम जाणवत होता.

विभागप्रमुख अर्धे उठले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. वाक्य पायऱ्या चढताना सातदा घोळलं होतं, तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "तो शेरा माझ्यावर लिहायला हवा होता." मग सांगितलं. आलेख पर्समधून काढून टेबलावर पसरला. ते बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिले, माजी विद्यार्थ्याच्या त्या जुन्या, उत्तर चुकल्यावरच्या चेहऱ्यानं. "हे तुम्ही सांगायला नको होतं, मॅडम," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे असं लेखी काही नको. पुढच्या वर्षी तासांची वाटणी होईल तेव्हा कुणीतरी म्हणेल, चर्चेचा तास त्यांच्याकडे कशाला, व्याख्यानंच द्या. मी एकटा किती..." पुढचं त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. बाई थांबल्या. हसू नको, मान नको. "इकडे बघून बोला," त्या म्हणाल्या. ते दचकून वळले. "मी म्हणालो, मी एकटा किती थोपवणार." "थोपवू नका," बाई म्हणाल्या. "कुणी म्हणालं तर मला बोलवा. आणि तिच्या फाइलमधला माझा कागद मला परत हवाय." कागद हातात पडला तेव्हा विजय वगैरे काही वाटलं नाही. पुढचं वर्ष कदाचित गेलं होतं. छातीत धडधडत होतं आणि ते मात्र त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

घरी नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. त्याच्या समोर स्टूल ओढून बाई बसल्या आणि त्यालाही सांगितलं, थर्मामीटरपासून सगळं. त्यानं पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "दोन वर्षं," तो म्हणाला. "मला वाटत होतं तू माझ्याशी बोलायचं सोडलंस. मी स्वयंपाकघरातून काही म्हणायचो, तू उत्तरच द्यायची नाहीस. म्हटलं, असेल, काहीतरी मनात धरलं असेल माझं. मग मीही म्हणणं सोडलं." दोघं नुसतेच समोरासमोर बसून राहिले, तो त्यांच्या कानांकडे पाहत, जणू प्रथमच.

बुधवारी तासाच्या आधी दहा मिनिटं दोघी बसल्या. पहिल्याच मिनिटाला वाद झाला. मुलगी म्हणाली, मी प्रश्न परत म्हणणार नाही, ज्याचा त्यालाच पुन्हा म्हणायला लावू. बाई म्हणाल्या, मग अर्धा तास त्यातच जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. बाकं अर्धगोलात लावायचं ठरलं, पाच पाचांचे गट, गटांत ती फिरणार, आणि गटाची शंका गटातलाच कुणीतरी फळ्यापाशी येऊन बाईंना विचारणार. मग घंटा झाली. बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. पोरं मागच्या आठवड्याचं हसू अजून गालांत धरून बसली होती.

"मला नीट ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मागच्या वेळी तुम्ही हसलात ते बरोबर होतं; मीही हसले असते. पुढच्या आठवड्यात मला यंत्र मिळतंय, त्यानं थोडं सुधारेल, सगळं नाही. तोवर आणि त्यानंतरही, माझ्याकडे तोंड करून बोलायचं. आणि ही तुमची ट्यूटर इतके दिवस प्रश्न परत म्हणत होती ते माझ्यासाठी. ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिनं ओळखलं, आणि त्याबद्दल मी तिला काढून टाकलं होतं." कुणीही हललं नाही. शांतता होती की कुजबुज होती, बाईंना सांगता आलं नसतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती, लालेलाल. निळ्या शर्टाच्या मुलानं ओठ मिटून घेतले. दारापाशी कुणीतरी काहीतरी बोललं आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. मग बाईंनी शिडी पुन्हा काढली, भिंतीला घर्षण आहे असं धरून, आणि पोरांना गटांत सोडलं. अज्ञात राशी चार निघाल्या, समीकरणं तीन. वर्गाचा गलबला बाईंच्या अंगावर एकसंध येत होता, समुद्रासारखा, आणि त्या फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या. ट्यूटर गटागटांत वाकत होती, कुणाच्या वहीवर बोट ठेवत होती, आणि एकदाही बाईंकडे वळून पाहत नव्हती.

बारीक केसांची मुलगी उठली. पाच पावलं चालून फळ्यापाशी आली, बाईंच्या समोर, इतकी जवळ की तिच्या पापण्या दिसाव्यात. बोलली. बाईंनी मान हलवली, नाही. ती पुन्हा बोलली. वर्ग हळूहळू गप्प होत होता. ट्यूटर जिथं होती तिथं सरळ उभी राहिली, तिचं तोंड उघडलं, आणि तिनं ते मिटलं.

"सगळं कळलं," बाई म्हणाल्या. "एकच शब्द राहिला. चार राशी, तीन समीकरणं, आपल्याला उत्तर काढता येत नाही, पण खरी शिडी तर भिंतीला टेकून उभी असते. मग ती शिडी कसं काय... त्याच्या पुढचा."

"ठरवते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज या वेळी फाटला, इतका तिनं तो ताणला. "शिडी कसं ठरवते?"

बाई शिडीकडे पाहत राहिल्या. सव्वीस वर्षं त्यांनी भिंत गुळगुळीत धरली होती, सोपं व्हावं म्हणून, आणि इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल. शिडी थोडी वाकत असेल, भिंत थोडी दबत असेल, ती आधी कशी टेकवली यावरही असेल. अर्धंमुर्धं काहीतरी हाताशी येत होतं, पुरतं येत नव्हतं. त्यांनी खोलीच्या टोकाला उभ्या असलेल्या ट्यूटरकडे पाहिलं.

"तुला येतंय?"

तिनं मान हलवली, मग आठवण होऊन, तोंड समोर धरून, स्वच्छ म्हणाली, "नाही, मॅडम."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या, हव्या त्याहून बऱ्याच मोठ्यानं, आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला.